शेततळं, पिंजरा की बायोफ्लॉक? मासे करायचेत पण पाण्याची वाट लावायची नाहीये

बांधावरचा (धागाकर्ता)
रविवार, रात्री १०.४०

राम राम मंडळी. करमाळा तालुक्यात उजनीच्या बॅकवॉटरपासून तीनेक किलोमीटरवर आमची साडेचार एकर. आधी सगळा ऊस, आता निम्म्यात केळी. ३४ बाय ३४ मीटरचं शेततळं आहे, पन्नी टाकलेलं. चुलतभाऊ म्हणतो धरणात जाळीचे तरंगते पिंजरे टाकू, पंगस मासा लावू, सबसिडी मिळते. मेव्हणा पुण्यात बसून व्हिडिओ बघतो आणि रोज बायोफ्लॉकच्या (टाकीत हवा मारून, बॅक्टेरियाच्या जोरावर मासे) लिंका पाठवतो. वडील म्हणतात रोहू-कटला सोड तळ्यात आणि गप झोप.

पैशाचा हिशोब माझा मी करतोय, तो इथे नको. मला विचारायचंय ते वेगळं. उन्हाळ्यात आमच्याकडचं बॅकवॉटर बघितलंय का कोणी? हिरवंगार, वर साय आल्यासारखा थर, मोटारीच्या फुटबॉलला (पाण्यातल्या फूट व्हॉल्व्हला) तो चिखल गच्च बसतो, पाण्यात उतरून साफ केला की दोन दिवस पाय खाजतात. त्यात मी अजून भर घालायला तयार नाही. तर या तिन्हीत पाण्याला, जमिनीला कमी त्रास कशाचा? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, ज्यांनी फक्त व्हिडिओ बघितलेत त्यांचा एक माझ्या घरातच आहे 😅

वांगीभात
रविवार, रात्री १०.५५

मी शाकाहारी. वाचनखूण साठवली आहे. चालू द्या.

फिशरीवाला
रविवार, रात्री ११.३०

चांगला धागा. मी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकलो, नंतर आठेक वर्षं खाद्याच्या लाईनमध्ये होतो, त्यामुळे माझं चष्म्यातून बघणं खाद्याचंच असणार, आधीच सांगतो.

तळं, पिंजरा, टाकी ही नुसती भांडी आहेत हो. खरा प्रश्न, भांड्यात तुम्ही बाहेरून काय ओतता आणि उरलेलं कुठे जातं. एक टन पंगस काढायला साधारण दीड टन तरंगतं खाद्य लागतं. त्यात २८ टक्के प्रथिनं धरा, म्हणजे ४२० किलो. प्रथिनात नायट्रोजन १६ टक्के, म्हणजे ६७ किलो. आता विकलेल्या एक टन माशाच्या अंगात किती जातो? २५ ते ३० किलो. राहिलेला ४० किलो कुठाय? पाण्यात. कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन, विष्ठेतून, न खाल्लेल्या दाण्यातून. फॉस्फरसचीही तीच गत, आणि तुमच्याकडचं हिरवं पाणी जे आहे ना त्याला हे दोन्ही म्हणजे युरिया आणि सुपर फॉस्फेटच समजा.

मग शेततळ्यात हे ४० किलो कुठे जातील? तुमच्या केळीला. पिंजऱ्यात? धरणाला. बायोफ्लॉकमध्ये? बॅक्टेरिया खातील, त्यांचा गाळ होईल, तो गाळ काढून टाकायला तुमच्याकडे जागा पाहिजे, आणि बॅक्टेरियाला चोवीस तास हवा पाहिजे. म्हणजे वीज.

कुठलीच पद्धत फुकट नाही, बिल कोणाच्या नावावर फाटतं तेवढं बघायचं.

पिंजरावाला
सोमवार, सकाळी ७.१०

फिशरीवाले साहेब हिशोब बरोबर, पण अर्धवट टाकलात. मी दुसऱ्या एका धरणात १२ पिंजरे चालवतो, ६ बाय ४ बाय ४ मीटरचे. एकातून अडीच टनाच्या आसपास निघतं, म्हणजे ३० टन. तुमच्याच आकड्याने १२०० किलो नायट्रोजन. ऐकायला भयंकर वाटतं. पण एक माणूस वर्षाला चार-साडेचार किलो नायट्रोजन संडास-लघवीतून टाकतो. म्हणजे माझे बारा पिंजरे म्हणजे ३०० माणसांची एक वाडी. उजनीत वरून पुणे पिंपरी-चिंचवडचं किती लाख माणसांचं येतं ते सांगा की. त्यांना कोणी धागा काढून विचारत नाही, पिंजरावाला दिसला की लगेच पर्यावरण.

आणि पिंजऱ्याला जमीन लागत नाही, बोअर लागत नाही. शेततळ्यात पाणी भरता ते कुठून भरता, हे पण विचारा धागाकर्त्याला.

बांधावरचा
सोमवार, सकाळी ७.४५

विचारलंत तर सांगतो. पावसाळ्यात थोडं ओढ्याचं, बाकी बोअरचं 🙈 लपवून काय उपयोग.

फिशरीवाला
सोमवार, सकाळी ९.२०

३०० माणसांची वाडी, आवडला हिशोब, पुढे कोणाला सांगताना तुमचं नाव घेईन. पण दोन गोष्टी. एक, पुण्याचं मैलापाणी दीडशे किलोमीटर वाहत पसरत येतं, तुमची वाडी एकाच जागी बसून खाली टाकते. पिंजऱ्याच्या तळाखाली चार-सहा मीटर पाणी आणि थोडा प्रवाह नसेल तर खाली काळा गाळ साठतो, त्यात ऑक्सिजन शून्य. मग थंडीत किंवा आभाळ येऊन वारा सुटला की वरचं पाणी गार होऊन खाली जातं आणि खालचं कुजकं पाणी वर येतं. आणि सगळ्यात आधी मरतात ते पिंजऱ्यातलेच मासे, कारण त्यांना पळून जाता येत नाही. धरणातले मोकळे मासे तिथून सटकतात.

दोन, बारा पिंजरे म्हणजे वाडी, मान्य. पण सबसिडी एकट्याला नसते. बाराचे बाराशे झाले की ते तालुक्याचं गाव होतं. मर्यादा पाण्याच्या क्षेत्रफळावर आणि खोलीवर ठरली पाहिजे, अर्ज किती आले त्यावर नाही.

आणि उजनीचं म्हणाल तर ११७ टीएमसी हा पावसाळ्यातला आकडा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्या पण खाली गेलं होतं. तेव्हा पिंजऱ्याखाली चार मीटर कुठून आणणार?

भीमाकाठ
सोमवार, दुपारी १.०५

मी भोई समाजातला, भिगवण साईडचा. आजोबांपासून उजनीत जाळं. (धरण व्हायच्या आधी नदीत.) आमचं कोणी विचारतच नाही म्हणून लिवतो.

पिंजरा म्हणजे सगळ्यांच्या पाण्यात एकाचं कुंपण. जिथं खोल पाणी असतं तिथंच पिंजरा आणि उन्हाळ्यात मासा पण तिथंच उतरतो, मग आम्ही जाळं टाकायचं कुठं. पिंजराभोवती मासा गोळा होतो हे खरं, सांडलेलं खाद्य खायला येतो, पण तिथं होडी नेली की राखणदार शिव्या देतो.

आणि दुसरं म्हणजे फुटून सुटणारा मासा. चिलापीचं (तिलापियाचं) बघा. चिलापी आफ्रिकेतली, १९५२ ला भारतात आणली म्हणतात, आज आमच्या जाळ्यात दहा किलोत किती चिलापी आणि किती रोहू ते येऊन बघा एकदा पहाटे लिलावाला. ती तोंडात अंडी पिल्लं सांभाळते, त्यामुळं तिची पिल्लं वाचतात, आणि बाकीच्यांची अंडी पण खाते. वाम, मरळ, शिंगाडा, माझ्या बापाच्या वेळेला पाटीत वर असायचे. आता मरळ गावला तर फोटो काढतो आम्ही. तरी बारीक आसाची जाळी टाकून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) उचलणारे आमच्यातलेच आहेत, ते पण सांगतो, सगळं दुसऱ्यावर नाही ढकलत.

आणि आफ्रिकन मांगूर. २००० सालापासून बंदी. तरी आमच्या बाजूला कडेकडेनं तळी होती, कोंबडीची आतडी पिसं टाकून पोसायचे, वास अर्धा कोस. कारवाई झाली की पाईप काढून नदीत सोडायचे पुरावा नको म्हणून. पुरावा गेला, मासा राहिला की हो धरणात.

बांधावरचा, तुमच्या वडिलांचं ऐका एवढंच माझं मत.

जळका_ब्लोअर
सोमवार, रात्री ९.५०

आयडीवरून कळलं असेलच. बायोफ्लॉकवर मी बोलतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, दोन दिवसाचं ट्रेनिंग केलं (कुणाकडे ते विचारू नका), ताडपत्रीच्या चार टाक्या, प्रत्येकी दहा हजार लिटर, गिफ्ट नावाच्या सुधारित वाणाचा तिलापिया. सांगितलं होतं पाणी बदलायला लागत नाही, खाद्य निम्मं, पर्यावरणपूरक. पाणी खरंच कमी लागतं, ते खोटं नाही. गूळ घालायचा, कर्ब-नायट्रोजनचं प्रमाण जमवायचं, बॅक्टेरिया अमोनिया खाऊन गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या मासा खातो. कागदावर याच्यासारखी सुंदर गोष्ट नाही. मी रोज सकाळी गाळ मोजायच्या शंकूसारख्या भांड्यात पाणी भरून पंधरा-वीस मिनिटं बसायचो, खाली तपकिरी गाळ किती मिली बसतो बघत, बायको म्हणायची लॅब उघडलीय का.

आता वीज. एक एचपीचा ब्लोअर चोवीस तास, दिवसाला १८ युनिट. सहा महिन्यांत सव्वातीन हजार. चार टाक्यांतून मला मिळाले जेमतेम ८०० किलो. म्हणजे किलोला चार युनिट फक्त हवेला. आपल्याकडची वीज बहुतेक कोळशाची, युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. किलोभर माशामागे तीन किलो धूर झाला हा, खाद्य धरलंच नाही अजून. पर्यावरणपूरक म्हणे.

दुसऱ्या बॅचला रात्री अडीचला लाईट गेली. इन्व्हर्टर होता, पण बॅटरी उतरलेली. मी झोपेत. बायोफ्लॉकमध्ये नुसते मासेच नाही, ते करोडो बॅक्टेरिया पण ऑक्सिजन ओढतात, त्यामुळे तळ्यापेक्षा कितीतरी लवकर संपतो. पाचला उठलो तर ब्लोअरचा आवाज नाही, आणि त्या शांततेनेच पोटात गोळा आला. टॉर्च मारली तर टाकीवर पांढरं. सगळे उलटे. खड्डा खणून पुरले, दोन दिवस कुत्र्यांना हाकलत होतो.

तेव्हा मेव्हण्यांना म्हणावं जनरेटर आणि सोलर लावून मग लिंक पाठवा.

पिंजरावाला
सोमवार, रात्री १०.१५

वाईट वाटलं वाचून भाऊ. मी पण एकदा थंडीत दोन पिंजरे घालवलेत, फिशरीवाले म्हणतात तसेच. तेव्हा वाद नाही घालत त्या मुद्द्यावर.

फ्योर्डकर
मंगळवार, पहाटे २.२० (इथे अजून रात्रच आहे)

मी मूळची सांगलीची, आता नॉर्वेत बर्गनला. इथे दर फ्योर्डमध्ये (डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या खाडीत) सॅल्मनचे गोल पिंजरे. एका पिंजऱ्यात दोन लाखापर्यंत मासे ठेवता येतात, तो कायद्याने ठरवलेला आकडा आहे. पिंजरावाला यांची वाडी वाचून हसले, इथे एकेक फार्म म्हणजे निमशहरच.

इथला मोठा वाद विष्ठेचा नाहीच, उवांचा आहे. समुद्री उवा म्हणतात, सॅल्मनच्या कातडीवर बसतात. पिंजऱ्यात मासे दाटीने म्हणून उवा वाढतात, आणि वसंतात नदीतून समुद्रात निघालेली जंगली सॅल्मनची पिल्लं शेजारून जाताना त्यांच्या अंगावर चढतात. बोटाएवढं पिल्लू, त्याला दहा उवा म्हणजे संपलंच. म्हणून नियम असा की प्रौढ मादी उवांची सरासरी दर माशामागे अर्ध्याच्या वर नको, वसंतात ०.२ च्या वर नको, दर आठवड्याला मोजायच्या. २०१७ पासून किनाऱ्याचे १३ पट्टे करून सिग्नलसारखे हिरवा पिवळा लाल रंग दिलेत, लाल पट्ट्यात उत्पादन ६ टक्के कमी करायला लावतात. आणि उवा काढायला मासे कोमट पाण्यातून काढतात त्यातच बरेच मरतात, हा उपायाचाच त्रास.

खाद्याबद्दल, १९९० च्या सुमारास इथलं सॅल्मन खाद्य ९० टक्के समुद्रातल्या माशांचंच होतं, आता पाव भागाच्या आसपास. छान वाटलं ना? उरलेल्यात ब्राझीलचा सोयाबीन भरपूर. म्हणजे समुद्र वाचवायला जंगलाकडे बोट. फिशरीवाला यांचं बिल कोणाच्या नावावर, ते वाक्य मी ऑफिसात भाषांतर करून सांगितलं.

वांगीभात
मंगळवार, सकाळी ८.३०

म्हणजे मी सोयाबीनची वडी खातो ती आणि तो मासा एकाच ताटातले. शाकाहारी असल्याचा थोडा गर्व होता, तो गेला.

खारवाली
मंगळवार, सकाळी ११.४५

पेणजवळ आमची खारजमीन. इथे मासे पाळणं कोणी शिकवलेलं नाही, आजेसासऱ्यांच्या आधीपासून भाताच्या शेताला लागून तळं, खाडीतनं आलेली जिताड्याची पिल्लं त्यात सोडायची आणि बारीक मासळी, कोळंबी टाकून वाढवायची. लग्नसराईला किंवा गणपती झाल्यावर पाहुण्यांना जिताडा. बांध, उघाडी (पाण्याची दारं), सगळं गावकीने सांभाळायचं. बांध फुटला की रात्री ढोल वाजवून माणसं गोळा करायचे असं सासूबाई सांगतात.

आता तेच तळं मोठं करून कोळंबी प्रकल्प झाले. मी सगळ्यांना वाईट म्हणत नाही, काही जण पाणी साठवून, निवळून मगच खाडीत सोडतात. पण आमच्या शेजारच्या खारीत पंपाने खारं पाणी वर घेतलं आणि तिसऱ्या वर्षी आमच्या वरच्या दोन खाचरांत भात पिवळा. विहिरीचं पाणी चहाला लागेना, दूध फाटायला लागलं. तक्रार करायला गेले तर म्हणे तुमच्या विहिरीचं आधीचं रिपोर्ट दाखवा. विहिरीचं रिपोर्ट कोण काढून ठेवतं चांगलं पाणी असताना?

याच गोष्टीवर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने किनाऱ्यावरच्या कोळंबी तळ्यांवर कडक निकाल दिला होता, त्यानंतर २००५ ला कायदा होऊन प्राधिकरण आलं, नोंदणी आली. कोर्टाच्या निकालात पारंपरिक तळ्यांना सूट होती. गंमत म्हणजे आता सगळेच स्वतःला पारंपरिक म्हणवतात.

आणि फिशरीवाला, आमचा जिताडा पण काही साधू नाही. तो मांसाहारी. किलोभर जिताड्याला बारीक मासळी पाच-सहा किलो तरी घालतो आम्ही.

फिशरीवाला
मंगळवार, दुपारी १२.३०

ताई, शेवटचं तुम्ही स्वतः लिहिलंत म्हणून मानलं. फिशमीलचं गणितही तेच, चार-साडेचार किलो ताजी मासळी वाळवून दळली की एक किलो भुकटी. तारली, बारीक मांदेली, आणि त्यात मोठ्या माशांची पिल्लं पण जातात, जी दोन वर्षांनी पापलेट-सुरमई म्हणून बाजारात आली असती. पंगस, रोहूच्या खाद्यात फिशमील फार थोडं, कोळंबी-जिताड्याच्यात बरंच. शाकाहारी मासा पाळणं म्हणजे शेळी पाळणं, जिताडा पाळणं म्हणजे वाघ पाळणं.

मांडवीकाठ
मंगळवार, दुपारी ४.००

वाघ 😂 पण चवीला वाघच बरा हो.

गोव्यातून लिहितो. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) आमच्याकडे मानस असते, लाकडी दारं, भरतीला पाणी आत, ओहोटीला जाळं लावून मासळी. तेही मोडकळीला आलंय, मानशीचा लिलाव होतो आणि लिलाव घेणारा शेतापेक्षा कोळंबीसाठी खारं पाणी जास्त वेळ आत ठेवतो. खारवालीताईंच्या घरचीच गोष्ट.

कोणी शिनाण्यांचं (शिंपल्यांचा एक प्रकार) आणि कालवांचं नाव नाही घेतलं अजून! दोरीला लावून खाडीत सोडायचे, खाद्य शून्य, पाणी गाळून तेच खातात, उलट नायट्रोजन बाहेर काढतात. एकच गोम, गाळणी जे गाळते ते गाळणीतच राहतं. वरच्या अंगाला हॉटेलांचं सांडपाणी येत असेल तर शिनाणे जंतू पण तितक्याच प्रेमाने साठवतात. करमाळ्यात याचा उपयोग नाही, माहीत आहे, पण नोंद असावी.

सॉल्टलेककर
मंगळवार, रात्री ८.४५

कोलकात्याला नोकरीनिमित्त अकरा वर्षं. हे वाचून राहवलं नाही. इथे शहराच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरची पाणथळ आहे, २००२ पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या). शहराचं मैलापाणी कालव्याने तिथल्या तळ्यांत, भेडी म्हणतात, सोडतात. उथळ पाणी, ऊन, शेवाळ वाढतं, रोहू-कटला-सिल्व्हर कार्प ते खातात, उतरलेलं पाणी भाताला आणि भाजीला. खाद्यावर खर्च नगण्य. ध्रुबज्योती घोष नावाच्या इंजिनियरने हे जगाला समजावून सांगितलं, आयुष्य घातलं त्यात माणसाने. मी रविवारी जातो, धुक्यात गळाभर पाण्यात उभी माणसं जाळं ओढत असतात, आणि मागे काचेच्या इमारती. इमारती दर वर्षी थोड्या पुढे आलेल्या असतात.

जड धातू वगैरे शंका आहेतच, चामड्याच्या कारखान्यांचं पाणी मिसळलं तर खेळ खल्लास. पण मला उजनीबद्दल वाटतं ते असं. पुण्याचं जेवण आधीच धरणात येतंय. तिथल्या माशाला अजून बाहेरून खाद्य आणून घालणं म्हणजे भरल्या पोटाला आग्रह. खाद्य न घालता जो मासा शेवाळ-प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खातो तो सोडला आणि नीट वाढू देऊन पकडला, तर टनामागे पंचवीस-तीस किलो नायट्रोजन धरणातून बाहेर निघतो. फिशरीवाल्यांचंच गणित उलटं.

भीमाकाठ
मंगळवार, रात्री ९.३०

हेच म्हणत होतो मी, मला एवढं छान लिवता येत नाही. बोटुकली सोडा, दोन वर्ष बारीक जाळी बंद ठेवा, आम्हीच साफ करून देतो धरण 😀 पण खरं सांगू का, हिरव्या पाण्यातल्या माशाला उन्हाळ्यात मातकट वास येतो, व्यापारी भाव पाडतो. त्याचं नुकसान आम्हाला, धरण साफ झाल्याचा फायदा सगळ्यांला.

फिशरीवाला
मंगळवार, रात्री १०.०५

सॉल्टलेककर, मुद्दा एकदम मान्य, फक्त वजन लक्षात ठेवा. पुण्याचं जे येतं त्यापुढे मासे काढून निघेल ते चमच्याने हौद उपसणं. मैलापाणी वरच अडवून शुद्ध करायला पर्याय नाही. पण चमच्याने उपसणं आणि तांब्याने ओतणं यात फरक आहेच.

बांधावरचा, शेततळ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. पन्नीचं तळं तुमच्या भागात वर्षाला दीड-दोन मीटर पाणी नुसतं उन्हाला देतं. तुमच्या तळ्याचं तोंड साडेअकराशे चौरस मीटर, म्हणजे सतरा ते तेवीस लाख लिटर, आणि त्यातलं बरंच बोअरचं. शेजाऱ्याची विहीर आटली की ते पण तुमच्या माशाच्या खात्यात धरा. मासे असोत नसोत ते जाणारच, पण मासे असले की तुम्ही उन्हाळ्यात तळं रिकामं होऊ देणार नाही, अजून बोअर चालवाल. म्हणून बोटुकली पावसाळ्यात सोडा, फेब्रुवारी-मार्चला काढून मोकळे व्हा. मासा अर्धा-पाऊण किलोचा होईल, होऊ दे.

बांधावरचा
बुधवार, सकाळी ६.५०

सगळ्यांचे आभार, रात्री वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं, मांगूरच्या जागी शिव्या आणि जिताड्याच्या जागी लाळ.

ठरलं असं की चुलतभावाला पिंजऱ्याचं नाही म्हटलंय, तो रुसलाय, दिवाळीपर्यंत येईल बोलायला. मेव्हण्याला जळका_ब्लोअर यांची पोस्ट पाठवली, दोन निळ्या टिक, उत्तर नाही. तळ्यात कटला, रोहू, मृगळ, हजार-बाराशेच, गवत्या (ग्रास कार्प) पाच-पन्नास कारण केळीचा पाला आणि बांधावरचं गवत आहेच. खाली उतरलेलं पाणी ठिबकला न देता पाटाने केळीला, म्हणजे फिल्टर तुंबणार नाही. ते ४० किलोवालं कमी पडेल तेवढाच युरिया घेईन.

एकच प्रश्न उरला. पन्नीच्या तळ्यात माती नाही, तर प्लवंग धरतं का? शेण किती आणि कसं टाकायचं?

फिशरीवाला
बुधवार, सकाळी ७.३०

गोणपाटात ताजं शेण भरून काठाला चार ठिकाणी बांधून ठेवा, थेट ओतू नका. हात कोपरापर्यंत बुडवा, तळवा दिसला नाही की थांबा, बोटं दिसेपर्यंत परत टाकू नका. आणि रोज पहाटे एक चक्कर, मासे वर येऊन तोंडं उघडत असतील तर त्या दिवशी शेण बंद, मोटारीने पाणी फिरवा.

जळका_ब्लोअर
बुधवार, सकाळी ७.४०

पहाटेची चक्कर चुकवू नका हो. एवढंच.

भीमाकाठ
बुधवार, दुपारी २.१५

बोटुकली एकट्याला परवडत नाही, भाडं अंगावर येतं. आमच्या सोसायटीची गाडी जुलैत येते, त्यात तुमचे हजार टाकतो. पिशव्या उतरवल्या की लगेच सोडू नका, अर्धा तास तळ्यातच तरंगत ठेवायच्या, मग तोंड उघडायचं. नंबर व्यनि (खासगी निरोप) करा.